खुलासा: जुन्या यंत्रावरचा गेम दोन तासांत होत नाही

जुने व्हिडिओ गेम पाहून ‘चार चौकोन आणि एक ठिपका! आजच्या कॉम्प्युटरवर असा गेम दोन तासांत होईल,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. आजच्या कॉम्प्युटरसाठी करायचा असेल तर कदाचित होईलही. पण हौशी मंडळी तो त्या काळच्या मूळ यंत्रावर चालावा म्हणून लिहितात, आणि तिथे हिशेबच उलटा होतो.

टीव्हीला जोडायचं १९७७चं गेमयंत्र अटारी २६०० घ्या. रॅम, म्हणजे कामापुरती स्मृती, फक्त १२८ बाइट. वेबवर नेहमीच्या पद्धतीने साठवलेलं हे देवनागरी वाक्यसुद्धा त्यात मावत नाही. मग चित्र ठेवायचं कुठे? कुठेच नाही. टीव्ही एकेक आडवी रेघ काढत असताना प्रोग्रामनेच ऐनवेळी रंग आणि आकार पुरवायचे. एका रेघेला प्रोसेसरचे ७६ ठोके (त्याच्या कामाच्या वेळेचं सर्वांत लहान माप) मिळतात आणि सगळ्यात साधी आज्ञाच २ ठोके खाते. म्हणजे फार तर ३८ आज्ञा. उशीर झाला की आकार भलतीकडेच उमटतो. गुण मोजणं, जॉयस्टिक वाचणं ही कामं बहुतेक वरखालच्या न दिसणाऱ्या रेघांच्या वेळात उरकायची.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेले ‘कॅसेट’वाले टीव्ही गेम आठवतात? त्यात एका रेघेवर आठच हलती चित्रं दिसत, नववं गायब. चित्रं लुकलुकायची ना? ते लुकलुकणं बऱ्याचदा कॅसेटवरच्या धुळीमुळे नव्हतं हो, आलटूनपालटून सगळी दाखवायची ती युक्ती होती.

इम्युलेटरमुळे, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममुळे, आज चाचणी सोपी झाली, हे खरं. पण रेघांची संख्या एखाद्या फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका पूर्ण चित्रात) चुकली, तर इम्युलेटर कधीकधी पोटात घालतो. जुना टीव्ही मात्र अख्खं चित्र वरखाली फिरवतो.