नाचता येत नाही, की अंगणच वाकडं?

२१ ऑक्टोबर २०१९, सोमवारची रात्र. न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जेट्स संघाचा बावीस वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, सॅम डार्नोल्ड मैदानाबाहेर बाकावर बसला होता. टीव्हीवाल्यांनी त्या सामन्यात त्याच्या अंगावर माइक लावलेला होता. तो म्हणाला, ‘मला भुतं दिसतायत.’ ते वाक्य घराघरात ऐकू गेलं. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स होते आणि जेट्स ३३-० असे हरले. डार्नोल्डनं ३२ पास टाकले, त्यातले ११ लागले आणि ४ थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे न्यू जर्सीत जिथं जावं तिथं दोन तट. एक म्हणे, पोरात मुळातच दम नाही. दुसरा म्हणे, कोच ॲडम गेसनं चांगल्या पोराचं वाटोळं केलं. आपण मराठी माणसं अशा वेळी ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ म्हणून मोकळे होतो. पण अमेरिकन फुटबॉलमध्ये अंगण कधी कधी खरोखरच वाकडं असतं, आणि नाचणाराही कधी कधी खरोखर कच्चा असतो. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं, चेंडू गेला किंवा पोरगा आडवा झाला, आणि तिथंच लोकांची गल्लत होते.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात आला की त्याच्यापुढे पाच आडदांड लाइनमन भिंत धरतात. त्या आडोशाला पॉकेट म्हणतात. रिसीव्हर आधी ठरलेल्या वाटांनी पळतात. क्वार्टरबॅकनं ठरलेल्या क्रमानं पहिला, दुसरा, तिसरा असं पाहत जायचं आणि जो मोकळा दिसेल त्याला चेंडू टाकायचा. या सगळ्याला वेळ अडीच-तीन सेकंद. चेंडू हातात असतानाच पाडला गेला तर सॅक, आणि पास समोरच्यानं झेलला तर इंटरसेप्शन.

साताऱ्याहून मामा आला होता, तेव्हा त्यानं हा खेळ पहिल्यांदा पाहिला. एक नवखा क्वार्टरबॅक तिसऱ्यांदा पडला तेव्हा त्यानं विचारलं, ‘अरे, हा चेंडू हातात धरून कशाची वाट बघतोय?’ नियम माहीत नसलेल्या माणसानं बरोबर मर्मावर बोट ठेवलं होतं. मी म्हटलं, ‘मामा, ते कळलं की सगळं कळलं.’

कारण क्वार्टरबॅकची पावलं रिसीव्हरच्या वाटेला बांधलेली असतात. तीन पावलं मागे सरकला तर चेंडू लगेच सुटायला हवा, पाच पावलं सरकला तर किंचित उशिरा. मागचं पाऊल टेकलं त्या क्षणी पहिला रिसीव्हर वळत असेल तर आखणी नीट आहे. पाऊल टेकलं, पोरगा तयार आहे, आणि चारही रिसीव्हर अजून पाठमोरे पळतायत, तर तो ज्याची वाट बघतोय ते कोचनं कागदावर ठेवलेलंच नाही. याउलट रिसीव्हर वळला, मोकळा आहे, मान त्याच्याच दिशेला आहे आणि तरी हात हलत नाही, तर पोरगा खात्री पटायची वाट बघतोय. या पातळीवर खात्री पटेपर्यंत दार बंद झालेलं असतं. रिसीव्हर मोकळा ‘होणार आहे’ हे दिसणं, त्याला मी कुवत म्हणतो. लांब फेकणारे खांदे शेकड्यांनी असतात, ही नजर फार थोड्यांकडे असते.

डार्नोल्डची भुतं हीच कसोटी लावून बघावीत. त्या रात्री पेट्रियट्सनी वारंवार पाच लाइनमनना आवरणार नाहीत इतकी माणसं अंगावर सोडली आणि मागे राखणीला कुणीच ठेवलं नाही. या डावाला उतारा असतो. जास्तीची माणसं आली की एक रिसीव्हर आपली वाट तोडून झटकन आखूड वळतो आणि चेंडू डोळे झाकून त्याच्याकडे जातो. त्याला ‘हॉट’ म्हणतात. हॉट प्लेबुकात, म्हणजे संघाच्या डावांच्या वहीत, नसेल, किंवा आठवडाभर घोटून घेतला नसेल, तर दोष कोचचा. तो आहे, वळलाय, हात वर करून उभा आहे आणि क्वार्टरबॅकची नजर अंगावर येणाऱ्यांवर खिळलीय, तर दोष त्याचा. त्या सामन्यात मला दोन्ही दिसलं. म्हणून तेव्हा ज्यांनी छातीठोकपणे एकाच बाजूचा निकाल दिला, त्यांचं मला पटलं नाही.

सॅकच्या आकड्याबाबत तर सर्रास फसगत होते. क्वार्टरबॅक डेव्हिड कार २००२ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडूंची पाळीपाळीनं निवड करतात त्यात, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, ह्यूस्टन टेक्सन्स या नव्याकोऱ्या संघानं त्याला घेतलं आणि पहिल्याच हंगामात तो ७६ वेळा पडला. भिंतच नव्हती, असं सगळे म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण शिकागो बेअर्सचा केलेब विल्यम्स २०२४ मध्ये ६८ वेळा पडला तेव्हा त्यातले कितीतरी सॅक त्यानं स्वतःहून ओढवून घेतलेले होते. कॉलेजात हुंदडून जे जमायचं ते इथंही जमेल या भरवशावर तो चेंडू धरून राहायचा. भिंत बदलली, संघ बदलला तरी काही क्वार्टरबॅक पडतच राहतात. त्यामुळे सॅकचं सगळं बिल मी लाइनमनच्या नावावर फाडत नाही. आणि त्याच हंगामात विल्यम्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे चढाईचे डाव आखणारा कोच, तोही गेला आणि मुख्य कोचही, हेसुद्धा विसरता येत नाही.

कोऑर्डिनेटर बदलला तर एवढं काय बिघडतं, असं वाटेल. बोलीच बदलते. या खेळात डाव सांगायची भाषा असते. ‘स्पायडर टू वाय बनाना’ हा एक प्रसिद्ध डाव. त्यातला ‘स्पायडर टू’ भिंत कशी धरायची ते सांगतो, ‘वाय’ म्हणजे टाइट एंड, भिंतीच्या टोकाला उभा राहणारा रिसीव्हर, आणि ‘बनाना’ म्हणजे त्यानं केळ्यासारखं वळत पळायचं. दुसऱ्या घराण्यात हेच आकड्यांत सांगतात. शून्य ते नऊ, प्रत्येक आकडा म्हणजे एक वाट. ॲलेक्स स्मिथ २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडे पहिल्या क्रमांकानं आला आणि पहिल्या हंगामात त्याचा टचडाऊन पास (ज्यावर थेट गुण मिळतात तो) १ आणि इंटरसेप्शन ११. पुढे दरवर्षी त्याचा कोऑर्डिनेटर बदलत गेला. मॅकार्थीची शब्दांची भाषा शिकला तर टर्नरची आकड्यांची आली. ती अंगवळणी पडेस्तोवर हॉसलर, मग मार्ट्झ, मग रे, मग जॉन्सन. पोरानं शाळा बदलली की वर्ष वाया जातं हे आपल्याकडच्या प्रत्येक बदलीच्या नोकरीवाल्याच्या घरात माहीत असतं. २०११ मध्ये जिम हार्बो कोच म्हणून आला, आणि ज्याला सगळ्यांनी निकालात काढलं होतं त्या स्मिथनं १७ टचडाऊन आणि फक्त ५ इंटरसेप्शन देत संघाला १३ विजय आणि ३ पराभवांपर्यंत नेलं. ती सहा वर्षं त्याला परत कुणी देऊ शकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता ज्याच्यावर हा सगळा वाद तोलून बघता येतो तो माणूस: जॅरेड गॉफ. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी पहिल्या क्रमांकावर घेतला. हंगामाच्या उत्तरार्धात ७ सामने खेळला, सातही हरला. टचडाऊन ५, इंटरसेप्शन ७. जेफ फिशर या कोचला हंगाम संपायच्या आतच नारळ मिळाला. जानेवारी २०१७ मध्ये शॉन मॅकव्हे आला, वय अवघं तीस. त्याच गॉफनं त्या वर्षी २८ टचडाऊन दिले, ७ इंटरसेप्शन. गुण करण्यात सगळ्यांत तळाला असलेला संघ एका वर्षात सगळ्यांत वर गेला.

इतका लख्ख पुरावा पाहून कोचवाले टाळ्या पिटतात. पण त्याच उन्हाळ्यात रॅम्सनी भिंतीच्या डाव्या टोकाला अँड्र्यू व्हिटवर्थसारखा मुरलेला गडी आणला, रॉबर्ट वूड्स आणला, ड्राफ्टमधून कूपर कप आणला. कोच बदलतो तेव्हा तो एकटा कधीच बदलत नाही. प्रयोगशाळेसारखं एक गोष्ट बदलून बाकीच्या स्थिर ठेवता येत नाहीत, आणि म्हणूनच ‘कोच आला आणि पोरगा सुधारला’ या वाक्यावर मी डोळे मिटून सही करत नाही.

मॅकव्हेनं नेमकं काय केलं ते बघण्यासारखं आहे. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो. घड्याळावर १५ सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. रॅम्स चटकन रांगेत येऊन उभे राहत, म्हणजे स्पीकर चालू असतानाच समोरचा बचाव दिसे आणि मॅकव्हे गॉफच्या कानात सांगू शके. गॉफचं अर्धं वाचन कोच करत होता. मग प्रतिस्पर्ध्यांना चावी सापडली. डिसेंबर २०१८ मध्ये शिकागो बेअर्सनी गॉफकडून ४ इंटरसेप्शन काढले आणि रॅम्स १५-६ असे हरले. दोनच महिन्यांत, ३ फेब्रुवारी २०१९ ला, सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. समोर कोच बिल बेलिचिकचे पेट्रियट्स, आणि रॅम्स १३-३ असे हरले.

त्या सामन्यातला तिसऱ्या क्वार्टरमधला एक पास मी कितीतरी वेळा थांबवून थांबवून पाहिलाय. रिसीव्हर ब्रँडिन कुक्स एंड झोनमध्ये, जिथं चेंडू झेलला की टचडाऊन, तिथं एकटा. आसपास चिटपाखरू नाही. आखणी फळाला आलेली, कोचचं काम संपलेलं. गॉफची मान दुसरीकडे आहे. मान वळते, कुक्स दिसतो, हात मागे जातो, आणि या सगळ्यात सेकंदाचा काही अंश जास्त जातो. चेंडू हवेत असताना लांबून पेट्रियट्सचा जेसन मॅककॉर्टी जिवाच्या आकांतानं पळत येतो आणि कुक्सच्या हातावरून तो उडवून लावतो. इथं अंगण सपाट होतं. सामन्यानंतर मॅकव्हेनं कोचिंगमध्ये मात खाल्ल्याचं स्वतःकडे घेतलं, आणि ते मोठेपणाचं होतं. पण तो एक पास गॉफचा होता.

मग २०१६ चं सात पराभवांचं अपयश कशाचं? माझ्या मते मुख्यतः कोचिंगचं. आणि २०१८ ची अखेर ही गॉफच्या मर्यादेची. मर्यादा असणं म्हणजे नालायक असणं नव्हे, हे मात्र लोक पार विसरतात. ठरलेलं वेळेवर घडलं तर गॉफइतका नेमका चेंडू टाकणारे थोडे; ठरलेलं मोडलं की पळून, हुलकावण्या देऊन काही उभं करणं त्याच्या अंगात नाही.

‘कोचिंग’ हा एकच शब्द आपण दोन कामांना वापरतो, त्यानंही घोटाळा वाढतो. एक काम आखणीचं: पोराला जे जमतं तेच त्याच्या वाट्याला येईल असं रचायचं. दुसरं शिकवणीचं: जे जमत नाही ते जमवून घ्यायचं. मॅकव्हेच्या पहिल्या वर्षात आखणी जास्त होती, आणि आखणी उणीव झाकते, भरून काढत नाही. दुसऱ्या प्रकारचं उदाहरण म्हणजे बफेलो बिल्सचा जॉश ॲलन. कॉलेजात त्याचे शंभरातले जेमतेम ५६ पास लागायचे आणि नेम शिकवून येत नाही, असं जाणकार ठासून सांगत. व्यावसायिक खेळात २०१८ मध्ये ५२.८ टक्के, पुढच्या वर्षी ५८.८, आणि २०२० मध्ये ६९.२. तिन्ही वर्षं मुख्य कोच मॅकडरमट, कोऑर्डिनेटर डेबॉल, भाषा एकच. सुट्टीच्या महिन्यांत तो जॉर्डन पामर या खासगी कोचकडे पाय आणि कंबर यांची लय दुरुस्त करत बसला. २०२० मध्ये स्टेफॉन डिग्ससारखा रिसीव्हर आला, त्याचाही वाटा मोठा. तरी पावलं बदललेली डोळ्यांना दिसत होती. कुवत म्हणजे जन्माला येताना कपाळावर लिहून आलेला आकडा, असं मानणाऱ्यांनी ॲलनची ती तीन वर्षं जरूर बघावीत.

डार्नोल्डचंही तसंच काहीसं झालं. जेट्सनी त्याला सोडलं, कॅरोलायनातही जम बसला नाही, एक वर्ष सॅन फ्रान्सिस्कोत राखीव म्हणून बसून पाहत राहिला. २०२४ मध्ये मिनेसोटात केव्हिन ओकॉनेलच्या हाताखाली त्यानं ३५ टचडाऊन दिले आणि संघानं १४ सामने जिंकले. मग प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, पहिल्याच सामन्यात तो ९ वेळा पडला. समोर होते मॅकव्हेचे रॅम्स. ९ सॅकची ती एक रात्र आणि १४ विजयांचा तो हंगाम, दोन्ही एकाच माणसाचे.

गॉफला रॅम्सनी २०२१ मध्ये डेट्रॉइटला धाडलं आणि बदल्यात मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला. स्टॅफर्डनं त्याच हंगामात सुपर बोल जिंकून दिला, तेव्हा गॉफचा निकाल लागला असंच सगळ्यांनी धरलं. डेट्रॉइटमध्ये कोऑर्डिनेटर बेन जॉन्सननं त्याला भक्कम भिंतीमागे उभं केलं आणि ठरल्या वेळी ठरल्या जागी टाकायचे पास दिले. १४ जानेवारी २०२४ ला प्लेऑफमध्ये रॅम्स डेट्रॉइटला आले, मॅकव्हे आणि स्टॅफर्डसह. डेट्रॉइटच्या लायन्सना प्लेऑफचा सामना जिंकून ३२ वर्षं झाली होती. गॉफनं २७ पैकी २२ पास लावले. २४-२३ अशी निसटती आघाडी, आणि त्यानं अमॉन-रा सेंट ब्राऊनला चेंडू देऊन फर्स्ट डाऊन मिळवला, म्हणजे चेंडू आपल्याकडेच राखला, मग गुडघा टेकवत घड्याळ संपवलं. पावलं टेकली, मान वळली, चेंडू सुटला, सगळं वेळेत. स्टेडियम एका सुरात त्याचं नाव घेत होतं: जॅरेड गॉफ, जॅरेड गॉफ.