प्रोजेक्टरशी नऊ बाइटांत बोलणं

आमच्या व्याख्यानमालेच्या हॉलमधला प्रोजेक्टर छताला टांगलाय, जमिनीपासून चांगला चौदा फुटांवर, आणि त्याचा रिमोट गेल्या वर्षी हरवला. तेव्हापासून दर व्याख्यानाआधी हॉलवाले काका शिडी लावून वर चढायचे, बटण दाबायचे, उतरायचे. मग कमिटीपुढे एक कोटेशन आलं, स्मार्ट ऑटोमेशन, क्लाउडवरून कंट्रोल, एआय बेस्ड वगैरे वगैरे, आणि आकडा बघून खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. तरी निम्म्या लोकांचं म्हणणं हेच की नेटवर्कवरून वस्तू चालवायची म्हणजे ॲप लागणार, कंपनीचा सर्व्हर लागणार, इंटरनेट लागणार, खर्च येणारच.

यातलं काहीही लागत नाही. प्रोजेक्टरच्या मागे लॅनची, म्हणजे नेटवर्कच्या वायरची, खाच होती, तिच्यात आठ वर्षांत कुणी वायर घातली नव्हती इतकंच. वायर घातली, दुसरं टोक हॉलच्याच राउटरला जोडलं, की तो प्रोजेक्टर ४३५२ नंबरच्या पोर्टवर कान लावून बसलेला असतो. बोलायचं कसं ते जेबीएमआयए या जपानी उद्योगसंघटनेने ठरवून दिलंय, पीजेलिंक म्हणतात त्याला, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोजेक्टर ही एकच भाषा बोलतात. चालू करायचा तर पाठवायचं काय? टक्क्याचं चिन्ह, १, मग पी ओ डब्ल्यू आर ही चार अक्षरं, एक स्पेस, परत १, आणि शेवटी एंटर. मोजा, एका अक्षराला एक बाइट, नऊ बाइट होतात. याच्यात एआय कुठे बसवणार?

हे बाइट पाठवायचे ते सॉकेटमधून, तर आता सॉकेट म्हणजे काय ते पटकन. सॉकेट म्हटलं की आपल्याला भिंतीतला प्लग पॉइंट आठवतो आणि कल्पना साधारण तीच आहे, प्रोग्रामला नेटवर्कमध्ये पिन खुपसायची जागा. १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, ४.२ बीएसडी या आवृत्तीत, ही सोय आली आणि आजही पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार ओळी लिहून आपण तीच वापरतो : सॉकेट उघडा, पत्ता आणि पोर्ट देऊन जोडा, पाठवा, उत्तर वाचा. आयपी पत्ता म्हणजे बिल्डिंग आणि पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर हे उदाहरण तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, ते बरोबर आहे, पुढे जाऊ. जोडताना टीसीपी, म्हणजे दोन मशीनांमधलं बोलणं नीट पोचवणारी नियमावली, तीन निरोप करतं, "हॅलो", "हां हॅलो, ऐकू येतंय", "बरं मग बोलते", आणि मग लाइन चालू.

मी लॅपटॉपवर नेटकॅट (टाइप केलेलं जसंच्या तसं सॉकेटमधून पाठवणारा प्रोग्राम) उघडलं, जोडलं, समोरून लगेच पीजेलिंक शून्य असं उत्तर आलं. शून्य म्हणजे पासवर्ड लावलेला नाही. खूश होऊन मी ती अक्षरं टाइप केली, एंटर मारलं. काही नाही. परत मारलं. काही नाही. अर्ध्या मिनिटाने प्रोजेक्टरने लाइनच तोडली. काका शिडी धरून उभेच होते, म्हणाले, "ताई, चढू का?"

चूक एंटरची होती. ज्यांनी जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये खटखट केलीय त्यांना आठवत असेल, ओळ संपली की टिंग वाजायचं आणि डाव्या हाताने दांडी ढकलायची, एका झटक्यात गाडी मागे जायची आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटरमध्ये ही दोन वेगळी कामं होती आणि त्यांना दोन वेगळे आकडे होते, मागे जा म्हणजे १३ आणि कागद सरकव म्हणजे १०. टेलिप्रिंटर भंगारात गेले, आकडे राहिले. आता लिनक्सवर एंटर मारलं की जातो फक्त १०, विंडोजच्या फाइलींमध्ये १३ आणि १० असे दोन्ही, आणि पीजेलिंकला हवा असतो फक्त १३. म्हणजे माझं वाक्य संपलंच नव्हतं, तो बिचारा पुढे काय म्हणतेय याची वाट बघत बसला होता. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पायथनच्या त्या चार ओळींच्या प्रोग्राममध्ये, शेवटी १३ घातला आणि वरून पंख्याचा आवाज आला. उत्तरही आलं, ओके.

पण मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं. ज्याला सॉकेटची स्क्रिप्ट लिहायचीय तो प्रत्येकजण एकदा तरी यात पडतो आणि मी तर बावीस वर्षं प्रोग्रामिंग करून पडले.

आपल्याला वाटतं की मी एक संदेश पाठवला तर पलीकडे एक संदेश पोचतो, पोस्टाच्या पाकिटासारखा. टीसीपी तसं चालतच नाही. पिठाच्या गिरणीत जाऊन उभे राहा. वर तुमचे गहू ओतले, ते संपत आले की मागच्या काकूंचे ओतले, खाली तोंडातून पीठ पडतंय ते सलग. वाटेत सांडत नाही, मागचं पुढे येत नाही, एवढी हमी आहे, पण तुमचं कुठे संपलं आणि काकूंचं कुठे सुरू झालं हे पिठाच्या धारेला माहीत नाही. ते गिरणीवाल्याने बघायचं. टीसीपी म्हणजे ही धार. प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, वाटेत हरवला तर परत पाठवला जातो, क्रम बिघडला तर लावून दिला जातो, पण "इथे वाक्य संपलं" ही गोष्ट त्याच्या खिजगणतीतच नाही. म्हणून तर तो १३ लागतो, ते आपण तुमच्या आणि काकूंच्या पिठाच्या मध्ये घातलेलं फडकं आहे.

माझं काय झालं ते सांगते. प्रोजेक्टरला दिवा किती तास जळलाय असं विचारता येतं. उत्तर यायला हवं होतं १८३४ तास. माझ्या स्क्रिप्टने एकदाच वाचलं, तोपर्यंत धारेतून आलं होतं "लॅम्प", बरोबरचं चिन्ह आणि "१८" एवढंच, उरलेलं "३४" पुढच्या पुड्यात (पॅकेटमध्ये) होतं. मी कमिटीच्या ग्रुपवर टाकलं की दिवा जवळजवळ नवीन आहे, फक्त १८ तास झालेत! खजिनदारांनी अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवशी तीच स्क्रिप्ट १८३५ म्हणाली. एका रात्रीत दिवा अठराशे तास जळणार कसा, म्हणून बघायला बसले तेव्हा कळलं. उपाय साधा आहे, एकदा वाचून थांबायचं नाही, १३ दिसेपर्यंत वाचत राहायचं आणि आलेलं एका डब्यात जमवत जायचं, १३ नंतर काही उरलं तर ते टाकून न देता पुढच्या उत्तरासाठी ठेवायचं. आणि वाचायला गेल्यावर रिकामं हाती आलं तर समजायचं की समोरच्याने फोन ठेवला.

याची उलटी बाजूही आहे. १९८४ साली जॉन नेगल यांनी एक युक्ती सुचवली. एक अक्षर पाठवायचं तरी त्याच्यावर पत्त्याचं वेष्टण चाळीस बाइटांचं, म्हणजे लवंगेला पोतं. तेव्हा आधीच्या मालाची पोच येईपर्यंत छोटा माल साठवून ठेवा आणि मग एकत्र पाठवा, असं ते म्हणाले. समोरचं मशीनही हुशार, ते पोच लगेच देत नाही, आपलं उत्तर जाणारच असेल तर त्याच्यासोबत देऊ म्हणून थोडं थांबतं. दोघं एकमेकांसाठी थांबलेत, पहले आप पहले आप, आणि मधल्या काळात तुम्ही वेगवेगळ्या पाठवलेल्या दोन-तीन आज्ञा एकाच पुड्यात चिकटून जातात. टीसीपी-नोडिले नावाचा पर्याय लावला की ही साठवण बंद होते, चिकटणं मात्र पूर्ण थांबेल असं धरून चालू नये. (इथे ज्यांचं डोकं गरगरलं त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, मला आवडतो म्हणून लिहिला.)

आणखी एक. "ओके" आलं म्हणजे प्रोजेक्टर चालू झाला असं नाही, आज्ञा पोचली आणि मान्य झाली एवढंच. चालू आहेस का असं वेगळं विचारायचं, त्यावर ० म्हणजे झोपलाय, १ म्हणजे चालू, २ म्हणजे थंड होतोय, ३ म्हणजे तापतोय. थंड होताना चालू हो म्हटलं तर तो एरर ३ देऊ शकतो, म्हणजे आत्ता नाही. म्हणून स्क्रिप्टने दर दोन सेकंदांनी विचारत राहायचं, १ आला की मगच वक्त्यांना माइक द्यायचा.

आणि हे सगळं हॉलच्या आतल्या नेटवर्कवरच ठेवा, राउटरमधून बाहेर इंटरनेटला उघडू नका, एवढं मात्र हात जोडून. पासवर्ड लावता येतो, पण तो ज्या एमडी५ पद्धतीने जातो ती आज कमकुवत धरली जाते आणि बाकी सगळं तर उघडंच जातं. २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग करणारी यंत्रं) ताब्यात घेतले ते असेच, उघडं टेलनेट (दुरून मशीनमध्ये शिरायची जुनी सोय) आणि कंपनीने दिलेला पासवर्ड कुणी बदललेला नाही. बाकी "इंटरनेट ऑफ थिंग्ज", म्हणजे वस्तू नेटवर्कला जोडणं, हे काल जन्मलंय असं जे विकणारे सांगतात त्यांना सांगा की १९९० साली अमेरिकेतल्या इंटरॉप प्रदर्शनात जॉन रॉमकी यांनी टोस्टर नेटवर्कला जोडून चालू-बंद करून दाखवला होता. पाव मात्र हाताने घालावा लागत होता.

आमच्या प्रोजेक्टरला अजून एक दुखणं होतं, तासाभराने मध्येच बंद पडायचा. त्यावर इलाज म्हणून कुणीतरी छताच्या त्या लोखंडी पाइपला लिंबू-मिरची बांधली होती, आणि काका दर शनिवारी ती बदलायचे, शिडी लावून. एक आज्ञा असते, ई आर एस टी आणि प्रश्नचिन्ह, तिला सहा आकड्यांचं उत्तर येतं : पंखा, दिवा, तापमान, झाकण, फिल्टर, इतर. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावध, २ म्हणजे बिघाड. मी विचारलं तर आलं ००१०१०. म्हणजे तापतोय आणि फिल्टर बघा.

काका वर गेले, फिल्टर काढून खाली आणला. राखाडी गोधडीच झाली होती त्याची. अंगणात झटकला, ब्रशने साफ केला, परत बसवला. लिंबूही त्या दिवशी शनिवार होता म्हणून बदललं. तासाभराने मी परत विचारलं, सहाही शून्य.