ओपन एमआरआय काढायला येण्याआधी

डॉक्टरांनी एमआरआय सांगितला की फोनवर पहिला प्रश्न येतो तो हा : "त्या बोगद्यात घालणार का हो?" काहींनी दुसरीकडे प्रयत्न केलेला असतो. पाच मिनिटांत जीव घाबरा झाला, बाहेर काढायला लावले, आणि आता त्या खोलीत पाय ठेवायचीही तयारी नसते. अशा पेशंटसाठीच आम्ही ओपन मशीन बसवले आहे. घरून निघण्याआधी हे पत्रक पेशंटने वाचावे, आणि सोबत येणाऱ्यानेही.

मशीन कसे असते

नेहमीच्या एमआरआयचा बोगदा ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असतो. आमच्या मशीनला बोगदा नाही. जात्याच्या दोन दगडांसारखी दोन मोठी गोल चुंबके आहेत, एक वर आणि एक खाली. मधल्या मोकळ्या जागेत तुम्ही झोपायचे. मान वळवली की खोली दिसते, दार दिसते. मुलगी किंवा आई शेजारी खुर्चीवर बसून हात धरू शकते. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो : वरचे चुंबक चेहऱ्यापासून साधारण वीतभरच उंचावर असते, आणि डोक्याच्या तपासणीत डोक्याभोवती कॉईल नावाचा साचाही बसवावा लागतो. फार भीती वाटणाऱ्यांनी आदल्या दिवशी येऊन मशीन पाहून जावे, नुसते झोपून पाहावे. त्याचे पैसे नाहीत.

यात एक्स-रेचे किरण नसतात. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्यामुळे त्यातून बारीक संकेत मिळतात आणि कॉम्प्युटर त्यावरून चित्र तयार करतो.

काय नीट दिसते, काय नाही

चुंबकाची शक्ती टेस्लामध्ये मोजतात. आमचे चुंबक ०.३ टेस्ला शक्तीचे आहे. बंद मशीन बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाचे असते. मणक्याची गादी सरकली आहे का, नस दबली आहे का, गुडघ्याचे लिगामेंट फाटले आहे का, मेंदूत मोठा दोष आहे का, अशा बहुतेक प्रश्नांची उत्तरे आमच्या मशीनवर मिळतात. प्रोस्टेट, स्तन, हृदय, कानाच्या आतल्या बारीक नसा यांसाठी जास्त शक्तीचेच मशीन हवे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर १.५ किंवा ३ टेस्ला लिहिले असेल तर आमच्याकडे काढू नका. तसे फोनवरच सांगतो, कारण अर्धवट चित्रासाठी तुमचे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात.

धातूबद्दल, आणि हे नीट वाचा

मशीन उघडे आहे म्हणून चुंबक कमी धोक्याचे, असे बरेच जण धरून चालतात. तो समज चुकीचा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे सात हजार पट ही शक्ती आहे. शिवाय आमचे चुंबक कायमस्वरूपी प्रकारचे आहे. ते बंद करता येत नाही. लाईट गेली, मशीन थांबले, रात्री दाराला कुलूप लावले, तरी ते ओढतच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि जिवाला मुकला. म्हणून आमचा माणूस दारात अडवून खिसे तपासतो तेव्हा रागावू नका. सोबत आत बसणाऱ्यालाही तोच नियम आहे.

पेसमेकर असेल तर आम्ही स्कॅन करत नाही. काही नवे पेसमेकर एमआरआयला चालतात, पण ती परवानगी बहुधा १.५ किंवा ३ टेस्लासाठी तपासलेली असते. कमी शक्तीचे मशीन म्हणून ते आपोआप सुरक्षित ठरत नाही. कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूच्या रक्तवाहिनीवरची क्लिप, इन्सुलिन पंप, अंगात राहिलेला छर्रा हे फोनवरच सांगा. स्टेंट, बदललेला गुडघा, हाडातला रॉड किंवा कॉपर-टी असेल तर बहुतेक वेळा अडचण येत नाही, तरी ऑपरेशनचे कागद घेऊन या. लेथवर, ग्राइंडरवर किंवा वेल्डिंगचे काम केले असेल आणि कधी डोळ्यात कीस गेला असेल, तर वीस वर्षांपूर्वीचा असला तरी सांगा. लोखंडाचा बारीक कण आत राहिला असेल तर चुंबकाने तो हलतो आणि दृष्टी जाऊ शकते. आधी डोळ्याचा एक्स-रे काढून मगच पुढे जातो.

आता साड्यांच्या पिना. सगळे काढले म्हणून सांगितलेले असते, आणि पदराच्या आतल्या निरीतली एक पिन राहून गेलेली असते. मशीनजवळ गेले की ती जागची ताठ उभी राहते. म्हणून आम्ही सगळ्यांनाच सुती गाऊन देतो. जरीच्या कपड्यातही धातूचे तार असतात आणि ते तापू शकतात.

मंगळसूत्र काढायला अनेकींचे मन होत नाही, हे आम्ही रोज पाहतो. सोने चुंबकाला चिकटत नाही, पण मानेचे चित्र बिघडवते, आणि हुकात, तारेत दुसरा धातू असू शकतो. दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधून आलात तर उत्तम, ते आत चालते. जोडवी घरीच साबणाच्या पाण्याने काढून या. रुतली असतील तर ओढाताण करू नका, आम्हाला दाखवा. नथ, करदोट्यातली चांदी, ताईत, केसातले आकडे, काढता येणारी कवळी, श्रवणयंत्र, मोबाईल, एटीएम कार्ड बाहेर ठेवायचे.

त्या दिवशी

नेहमीची औषधे चुकवू नका. पोटाच्या तपासणीसाठी किंवा झोपेचे औषध द्यायचे असेल तरच उपाशी यायला सांगतो, नाहीतर जेवून या. गरोदर असाल, दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी, आधी सांगा. काही तपासण्यांत चित्र अधिक स्पष्ट यावे म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचे औषध द्यावे लागते. किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट आणा.

ओपन मशीनला वेळ जास्त लागतो. ३० ते ४५ मिनिटे, कधी त्याहून अधिक. ठकठक असा आवाज येतो, कानात बोळे देतो. एकेक चित्रमालिका काही मिनिटांची असते आणि तेवढा वेळ हलायचे नाही. खोकला आला, खाज सुटली तर दोन मालिकांच्या मधे. पाठीच्या दुखण्याने सरळ झोपवत नसेल तर गुडघ्याखाली उशी देतो, पण ते सुरू होण्याआधी सांगा. मधेच हललात तर ती मालिका पुन्हा घ्यावी लागते. हातात रबरी फुगा असतो. तो दाबला की आम्ही लगेच थांबतो. संकोच करू नका.

चित्रे पाहून टेक्निशियन काही सांगणार नाही, त्याला तसे विचारू नका. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट देतात, सहसा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. जुन्या फिल्म आणि सीडी असतील तर येतानाच आणा. त्या शेजारी ठेवून पाहिल्या की दुखणे वाढले की कमी झाले, हे डॉक्टरांना कळते.