वापराच्या अटी (वेबसाइट)

वापराच्या अटी म्हणजे वेबसाइट चालवणारा आणि ती वापरणारा या दोघांतला करार. टर्म्स ऑफ यूज, टर्म्स अँड कंडिशन्स, अटी व शर्ती, नुसतं टी अँड सी, नावं बरीच आहेत पण गोष्ट एकच. बातम्या, रेसिपी, फोटो, अभ्यासाच्या नोट्स, माहितीचे लेख असा मजकूर देणाऱ्या साइटवर ह्या अटी एकदम तळाला बारीक अक्षरात असतात आणि तिथपर्यंत सहसा कोणी जात नाही. मजकूर कुणाच्या मालकीचा, तो कुठे वापरायचा कुठे नाही, आपण काही टाकलं तर त्याचं पुढे काय होणार, चूक निघाली तर जबाबदार कोण आणि भांडण झालं तर कोर्ट कुठलं, एवढं सगळं तिथे आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

खरं तर सोलापूरकराला यात नवीन काही नाही. चाटी गल्लीत नाहीतर नवी पेठेत जुन्या दुकानातून चादरी घेतल्या की जे बिल हातात येतं ते जरा खालून वाचा. भूलचूक देणे घेणे, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, रंगाची गॅरंटी नाही, आणि शेवटी सोलापूर न्यायकक्षेत, म्हणजे भांडण झालं तर सोलापूरच्याच कोर्टात. वेबसाइटच्या पंधरा पानी अटींचा सांगाडा ह्या चार ओळींतच आहे. भूलचूकच्या जागी साइट लिहिते की मजकुरात चुका असू शकतात, रंगाच्या गॅरंटीच्या जागी लिहिते की माहिती आहे तशी दिलीय, भरवसा ठेवायचा तर तुमच्या जबाबदारीवर, आणि न्यायकक्षा तर दोन्हीकडे सारखीच. वाद घातला की काउंटरवरचा माणूस बोट ठेवून म्हणतो, "मालक, बिलावर छापलंय की." पण छापलं म्हणून तो कायदा होत नाही. खराब निघालेला माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे. वेबसाइटच्या अटी वाचतानाही हेच डोक्यात ठेवावं लागतं, काही ओळी पक्क्या बांधतात आणि काही नुसत्या छापलेल्या असतात.

बांधणाऱ्या ओळी कुठल्या हे भारतीय करार कायदा १८७२ वरून ठरतं. कलम १० म्हणतं की दोन्ही बाजूंची मोकळी संमती पाहिजे, दोघंही करार करायला लायक पाहिजेत, मोबदला आणि हेतू कायदेशीर पाहिजे. कागद, सही, स्टॅम्प नसला तरी माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १०अ प्रमाणे ऑनलाइन झालेला करार फक्त ऑनलाइन आहे म्हणून बाद होत नाही. आता संमती दिली कधी हा खरा प्रश्न. चौकटीत टिक करून 'मला मान्य आहे' दाबलं तर त्याला क्लिकरॅप म्हणतात आणि तो कोर्टात बऱ्यापैकी टिकतो. दुसरा प्रकार ब्राउजरॅप, म्हणजे साइट उघडलीत म्हणजेच अटी मान्य केल्या असं कुठेतरी लिहून मोकळं व्हायचं, हा कच्चा प्रकार आहे. अमेरिकेत २००२ साली नेटस्केप ह्या सॉफ्टवेअर कंपनीच्या केसमध्ये डाउनलोडचं बटण वर होतं आणि अटींची लिंक खाली, पान सरकवल्याशिवाय ती दिसतच नव्हती, तर अपील कोर्टाने सांगितलं की जे लोकांना दिसलंच नाही त्याला त्यांनी होकार दिला असं धरता येत नाही. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर पुढे तिथल्या सुप्रीम कोर्टात गेल्या.

शिवाय या अटींत घासाघीस होत नाही. चादरीच्या भावात दहा-वीस रुपये तरी कमी होतात, इथे घ्या नाहीतर सोडा. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या केसमध्ये सांगितलं की दोन्ही बाजूंची ताकद अजिबात सारखी नसेल आणि दुबळ्याला ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून पर्यायच नसेल तर त्यातली अन्यायकारक अट कोर्ट राबवणार नाही. ती केस नोकरीच्या कराराची होती, पण एकतर्फी अटींचा विषय निघाला की वकील आजही तीच काढतात. वयाचा मुद्दा वेगळा आहे. १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्द, हे १९०३ च्या मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रिव्ही कौन्सिलच्या (इंग्रजांच्या काळातलं शेवटचं अपील कोर्ट) निकालापासून पक्कं आहे, त्यामुळे नोट्सच्या साइटवर दहावी-बारावीच्या पोरांनी कितीही वेळा टिक केलं तरी त्या पोरांवर करार बसत नाही, म्हणून तर अटींत 'पालकांच्या परवानगीने' ही ओळ असते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो कॉपीराइटच्या अटीवर. मी हे पोटतिडकीने लिहितोय कारण स्वतः अनुभवलंय. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला गर्दीत तीन तास उभा राहून सात नंदीध्वजांचा, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्यांचा, एक फोटो काढला होता, पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी आणि वरून पडणाऱ्या अक्षता नेमक्या एका क्षणात सापडल्या होत्या, तो एका फोटोच्या साइटवर टाकला. पुढच्या वर्षी तोच फोटो एका दुकानाच्या कॅलेंडरवर जानेवारीच्या पानावर, नाव कापलेलं. भांडायला निघालो आणि पहिल्यांदा त्या साइटच्या अटी वाचल्या. त्यात लिहिलं होतं की तुमचा फोटो तुमचाच राहील पण तुम्ही आम्हाला जगभरासाठी, फुकट, कायमचा आणि पुढे दुसऱ्यालाही देता येईल असा परवाना देताय. एकेक शब्द बघा की. 'पुढे दुसऱ्याला' ह्या दोन शब्दांतून माझा फोटो कॅलेंडरवाल्याकडे गेला. मालकी माझीच होती, पण वापर अडवायचा रस्ता मीच टिक करून बंद केला होता. नावाचं मात्र तसं नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५७ सांगतं की हक्क दुसऱ्याला देऊन टाकले तरी ही कृती माझी आहे असं सांगण्याचा लेखकाचा हक्क शिल्लक राहतो, आणि तेवढ्या जोरावर पुढच्या छपाईत नाव आलं.

परवाना आणि मालकी यातला फरक म्हणूनच ओळखता आला पाहिजे. परवाना म्हणजे घर भाड्याने देणं, मालकी देणं म्हणजे खरेदीखत. मालकी द्यायची तर त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते, त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

उलट बाजूने, साइटवरून आपण काय उचलू शकतो? माहिती कुणाच्या मालकीची नसते, मांडणी असते. शेंगाच्या चटणीचं उदाहरण घ्या. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं आणि उखळात कांडायचं, हे साहित्य आणि ही कृती कुणीही सांगू शकतं. पण एखाद्या बाईने ती ज्या शब्दांत लिहिलीय, तेल सुटेपर्यंत कांडताना मुसळाचा आवाज कसा बदलतो ते जसं सांगितलंय, आणि काळ्या दगडावरच्या लालभडक चटणीचा जो फोटो काढलाय, ते तिचं आहे. ते उचलून खाली 'साभार' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, आपल्याकडे हा गैरसमज फार पक्का बसलाय. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, स्वतःच्या अभ्यासासाठी, टीका किंवा परीक्षणासाठी, चालू घडामोडी सांगण्यासाठी वाजवी वापर चालतो, अख्खा लेख उचलून आपल्या नावाने छापणं त्यात बसत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ प्रमाणे ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. काही साइट मात्र आपण होऊन दार उघडं ठेवतात. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे, मराठी विकिपीडियाचाही, म्हणजे श्रेय द्या, बदल केले तर तसं सांगा आणि बदललेलं त्याच परवान्यावर पुढे द्या, मग विकलंत तरी हरकत नाही.

लोकांनी टाकलेला मजकूर ठेवणाऱ्या साइटला कायद्यात मध्यस्थ म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे लोकांच्या मजकुराची जबाबदारी तिच्यावर येत नाही, पण त्याबदल्यात नियम पाळावे लागतात. ह्याच कायद्याखालच्या २५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी वापराच्या अटी आणि गोपनीयता धोरण ठळक दिसेल असं लावायला लावलं, वेळोवेळी वापरणाऱ्यांना आठवण द्यायला लावली, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यायला लावला, तक्रार मिळाल्याचं २४ तासांत कळवायला लावलं. काय टाकायचं नाही याची जी लांबलचक यादी सगळ्या साइटवर शब्दशः सारखी दिसते तीही ह्याच नियमांतून उचललेली असते. २०२२ च्या दुरुस्तीने भाषेचीही भर घातली, अटी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या वापरणाऱ्याच्या पसंतीच्या भाषेत कळवायच्या. आता सोलापुरात बघा, एकाच शहरात कुणाच्या घरात कन्नड, पूर्व भागात तेलुगू, विजापूर वेशीत उर्दू आणि चौकात मराठी, आणि ह्या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत. तरी बहुतेक साइटवर अटी इंग्रजीतच, त्याही अशा की वकिलालाही दोनदा वाचाव्या लागतील. लेख मराठीत, जाहिराती मराठीत आणि करार तेवढा इंग्रजीत, हे मला पटत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नेही संमतीची सूचना इंग्रजीत किंवा त्याच अनुसूचीतल्या २२ भाषांतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय मागितलीय, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं पाहिजे असं म्हटलंय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत.

कोर्टाच्या अटीत बहुतेक वेळा दिल्ली, बेंगळुरू नाहीतर मुंबई लिहिलेलं असतं. जिथे दोन-तीन ठिकाणच्या कोर्टांना अधिकार आहे तिथे त्यातलं एक ठरवून घेता येतं, ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही त्याला करारातून तो देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ च्या एबीसी लॅमिनार्टच्या केसमध्ये स्पष्ट केलं, आणि कोर्टाचं दारच पूर्ण बंद करणारी अट करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे रद्द आहे. पैसे भरून सबस्क्रिप्शन घेतलं असेल तर आणखी एक आधार आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे जुळे सोलापुरात राहणाऱ्याला सेवेतल्या त्रुटीसाठी दिल्ली गाठायची गरज नाही. हायकोर्टाची कामंही जवळ आलीत, १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे.

शेवटची अट असते बदलाची, 'आम्ही ह्या अटी कधीही बदलू शकतो.' तळाला शेवटच्या बदलाची तारीख असते तेवढीच खूण. आपण टिक केली त्या दिवशी काय लिहिलं होतं हे नंतर दाखवायचं तर पान सेव्ह करून ठेवावं लागतं, आणि कोर्टात ते पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्याआधी हेच काम जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र करायचं.