अंगणाचा कोबा आणि चार महिन्यांचा पाऊस

अंगणात कोबा करायचे ठरले की पहिली चर्चा रंगाची आणि नक्षीची होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे ती आधी शेवाळाची व्हायला हवी.

नवे काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते. त्याचा सामू (pH) १२ ते १३ असल्यामुळे पहिल्या पावसाळ्यात त्यावर शेवाळ सहसा धरत नाही आणि घरमालक निर्धास्त होतो. पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइडची पृष्ठभागातील चुन्याशी अभिक्रिया होऊन वरच्या थराचा सामू ९ च्या आसपास उतरतो, आणि मग शेवाळ ठाण मांडते. घोटून गुळगुळीत केलेल्या कोब्यावर पाऊल आणि सिमेंट यांच्यामध्ये त्याचा बुळबुळीत पापुद्रा अखंड राहतो, म्हणून श्रावणात त्यावर झावळ्या टाकून चालण्याची वेळ येते. खरखरीत पृष्ठभागावरही शेवाळ धरते, किंबहुना थोडे अधिकच. पण तिथे कण पापुद्र्याच्या वर डोके काढतात आणि पायाला पकड मिळते.

साच्याने दगडी फरशीची नक्षी उठवलेले स्टॅम्प काँक्रीट छायाचित्रात देखणे दिसते. मात्र त्यावरचे चकचकीत अ‍ॅक्रिलिक सीलर, म्हणजे संरक्षक लेप, ओले झाले की निसरडे होते आणि काही वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. पडवीत ते चालेल, उघड्या अंगणात मी सुचवणार नाही.

खडी उघडी ठेवलेला कोबा अधिक टिकाऊ. साखरेमुळे सिमेंट घट्ट होणे लांबते, या गुणाचा उपयोग करून वरच्या पातळ थराचे सेटिंग रोखतात आणि नंतर तो धुऊन खडी उघडी पाडतात. त्यासाठी समुद्रावरचे गोटे न धुता वापरू नयेत, कारण त्यांच्यासोबत आलेले मीठ आतल्या सळ्या गंजवते.

रंग हवाच असेल तर तो मिश्रणातच घालावा, आणि लोहाच्या ऑक्साइडचा असावा. जांभ्याला तांबडेपणा देणारी द्रव्ये याच कुळातली, म्हणून तो उन्हाने सहसा विटत नाही.

माझी पसंती मात्र सर्वांत स्वस्त प्रकाराला, म्हणजे खराट्याच्या रेघांना आहे. ओतलेल्या काँक्रीटच्या वर आलेले पाणी आटून चमक गेली आणि अंगठा दाबल्यावर किंचित ठसा उमटू लागला, की माडाच्या हिरांचा खराटा उताराच्या दिशेने एकदाच, न थांबता ओढावा. घाई केली तर हीर रुततात. उशीर झाला तर रेघच उमटत नाही.