सिंचन अभियांत्रिकीत एम.टेक. : आमच्या शेतकरी ग्राहकांच्या मुलामुलींसाठी माहिती

ठिबकचा आराखडा न्यायला आलेले शेतकरी भाऊ हल्ली नकाशा गुंडाळता गुंडाळता हमखास विचारतात : पोरगी कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे एम.टेक. करू द्यावं का? काउंटरवर उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आमचं मत आधीच सांगतो. पाण्याचा हिशोब करायची ज्याला मनापासून आवड आहे, त्याने ही पदवी जरूर घ्यावी. नोकरी लागेपर्यंत रिकामं बसायला नको म्हणून घेऊ नये. दोन वर्षांतलं दुसरं वर्ष जवळजवळ सगळं प्रबंधात जातं, आणि आवड नसली की तिथेच गाडी अडते.

यात शिकतात काय?

राहुरीच्या कृषी विद्यापीठात या शाखेचं नाव सिंचन व निचरा अभियांत्रिकी, आयआयटी खरगपूरला भूमी व जलसंपदा अभियांत्रिकी. पाटी वेगळी, गाभा बराचसा एकच : पिकाला पाणी किती लागतं, ते पोचवायचं कसं आणि जास्तीचं शेताबाहेर काढायचं कसं.

आपल्या केळीचंच उदाहरण घ्या. लागवड १.५ बाय १.५ मीटरवर, म्हणजे एका खोडाच्या वाट्याला २.२५ चौरस मीटर जागा. मे महिन्यातलं संदर्भ बाष्पोत्सर्जन (जमिनीतून आणि प्रमाण गवतातून उडणारं पाणी) दिवसाला ७ मिलिमीटर धरलं आणि पूर्ण वाढलेल्या बागेचा पीक गुणांक (त्या गवताच्या कितीपट पाणी पिकाला लागतं तो आकडा) १.१ धरला, तर खोडाला रोज सुमारे १७ लिटर पाणी हवं. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली की आकडा साधारण १९ लिटरवर जातो. हा हिशोब बी.टेक.चा विद्यार्थीही करतो. एम.टेक.मध्ये पुढचा प्रश्न सुरू होतो : ते ७ आलं कुठून? ऊन, वारा, तापमान आणि हवेतला ओलावा यांवरून ते काढायची पेनमन-माँटिथ पद्धत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत ती प्रमाण म्हणून मांडली. आणि तिथला पीक गुणांक रावेर-यावलच्या कांदेबागेला (ऑक्टोबरच्या सुमाराच्या लागवडीला) किंवा पिलबागेला (खोडव्याच्या केळीला) जसाच्या तसा लावायचा का? की शेतात मोजून आपला काढायचा? खरा अभ्यास इथे आहे.

तेच दाबाचं. सबमेनच्या (नळ्यांना पाणी वाटणाऱ्या उपमुख्य पाइपच्या) तोंडाशी आणि शेवटच्या नळीच्या टोकाला प्रेशर गेज लावून पाहा. दाबात २० टक्के फरक असेल तर साध्या (दाब आपोआप न सांभाळणाऱ्या) ड्रिपरच्या प्रवाहात साधारण १० टक्के फरक पडतो. सुरुवातीची खोडं जोमात आणि टोकाची मागे, असं दिसलं की खताला दोष देण्याआधी हे तपासावं. नळीचा व्यास, लांबी, जमिनीचा उतार आणि घर्षणाने घटणारा दाब यांची सांगड घालणं हे आराखड्याचं काम, आणि ते जाणून करणारी माणसं आम्हाला शोधूनही सापडत नाहीत.

निचरा हा शब्द ऐकून बरेच जण तो विषय सोडून देतात. तसं करू नका. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा (जिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे) अकोला, अमरावती, बुलढाण्यात पसरला आहे, आणि तीच पूर्णा आपल्या जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते. काळ्या भारी जमिनीत पाणी साचून क्षार वर आले की नुसतं पाणी कमी देऊन भागत नाही, जमिनीखाली छिद्रांचे पाइप टाकून ते काढावं लागतं. हे काम जाणणारे आणखी थोडे आहेत.

प्रवेश कसा मिळतो?

एक गैरसमज आधी दूर करू. बी.एस्सी. कृषी आणि बी.टेक. कृषी अभियांत्रिकी या दोन वेगळ्या पदव्या आहेत. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झालेल्या मुलाचा रस्ता सहसा एम.एस्सी.कडे जातो. एम.टेक.ला अभियांत्रिकीची पदवी लागते. जलसंपदेच्या काही अभ्यासक्रमांना सिव्हिलवालेही चालतात.

राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठं. खान्देशचे तिन्ही जिल्हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. या चौघांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. देशभरातल्या कृषी विद्यापीठांसाठी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा वेगळी, तिच्यात वरचा क्रमांक आला तर शिष्यवृत्तीही मिळते.

आयआयटीसाठी गेट, म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा. कृषी अभियांत्रिकीच्या पेपरचा संकेत एजी. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यातले १५ गुण सामान्य क्षमतेचे. एकच उत्तर निवडायचा बहुपर्यायी प्रश्न चुकला तर गुण कापतात, पण आकडा लिहायच्या प्रश्नाला कापत नाहीत, म्हणून गणितं सोडून येऊ नये. परीक्षा फेब्रुवारीत, अर्ज मात्र आदल्या वर्षीच भरावा लागतो. दिवाळीला घरी आल्यावर पाहू म्हणणाऱ्यांची तारीख निघून जाते. तिसऱ्या वर्षाला असतानाही गेट देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात, तेव्हा एकदा तिसऱ्या वर्षातच देऊन पाहावी असं आम्ही आग्रहाने सांगतो. खरगपूरसोबत आयआयटी रुरकीचाही विचार करा. तिथला जलसंपदा विकास विभाग १९५५ पासूनचा आहे.

पैशाचं थोडक्यात : गेट पात्र विद्यार्थ्याला आयआयटीत आणि एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) मान्यताप्राप्त संस्थेत नियमाप्रमाणे महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. म्हणजे घरून सगळा खर्च उचलावा लागत नाही. पीक गेलेल्या वर्षी हा आधार मोठा असतो.

मार्गदर्शक आणि विषय

कॉलेजच्या नावापेक्षा आम्ही याला जास्त वजन देतो. कृषिकोश या संकेतस्थळावर कृषी विद्यापीठांचे प्रबंध वाचायला मिळतात. अर्ज भरण्याआधी त्या विभागातले अलीकडचे चार प्रबंध उघडून पाहा. मोजमाप प्रत्यक्ष शेतात झालंय की सगळं संगणकावरच, हे लगेच कळतं. विषयांना आपल्याकडे तोटा नाही. पांझरा नदीवरची फड पद्धतच घ्या : बंधाऱ्याच्या पाण्याखाली जमिनीचे फड (मोठे भाग) पाडायचे, एका फडात एकच पीक, आणि पाटकरी (पाणी वाटणारा माणूस) ठरल्या पाळीने पाणी देणार. कित्येक पिढ्यांची ही वाटणी आजच्या ठिबकच्या काळात कशी टिकवायची, यावर साक्री तालुक्यातल्याच एखाद्या मुलीने काम केलं तर आम्हाला फार आनंद होईल. आणि हो, मुलींना शेतावरचं मोजमापाचं काम झेपणार नाही हे मनातून काढा. गेज, मोजपात्र आणि घड्याळ घेऊन चालत राहायचं हे काम आहे.

नोकरीत या पदवीचा उपयोग ठिबक कंपन्यांचे आराखडा विभाग, पाणलोटाची कामं करणाऱ्या संस्था आणि अध्यापन या ठिकाणी होतो. कृषी विद्यापीठात शिकवायचं तर पुढे नेट (अध्यापनाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यावी लागते.

आमच्याकडून

शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना आराखडा कसा करतात ते आम्ही कार्यालयात बसवून दाखवतो. फी नाही. येताना गुणपत्रिका आणि स्वतःच्या शेताचा नकाशा आणावा, सरावाला तोच घेतो.

ग्राहकांनाही एक विनंती. प्रबंधासाठी विद्यार्थ्यांना खरी बाग लागते. आपल्या शेतात हंगामभर मोजणी करू द्यायची तयारी असेल तर आमच्याकडे गाव, पीक आणि विहिरीची खोली नोंदवा. विद्यार्थी आठवड्यातून एकदा येईल, काही ड्रिपरखाली भांडी ठेवून पाणी मोजेल आणि गिरमिटाने मातीचे नमुने काढेल. त्या दिवशी मोटर त्याने सांगितलेल्या वेळी चालू करावी लागेल, आणि मोजणीच्या ओळींतले ड्रिपर हंगाम संपेपर्यंत बदलता येणार नाहीत.