बेडूक पाळायचा तर आधी पाणी सांभाळायला शिका

रात्री काचपेटीवरचा दिवा मालवला की झाडबेडूक फांदीवरून खाली उतरतो, पाण्याच्या उथळ भांड्यात जाऊन बसतो आणि बराच वेळ जागचा हलत नाही. नव्यानं बेडूक आणलेल्या माणसाला वाटतं, बसलाय बापडा गारव्याला. खरं तर त्या वेळी तो पाणी पीत असतो. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. त्याच्या पोटाच्या खालच्या भागात आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या कातडीचा एक पट्टा असतो. हा पट्टा पाण्याला टेकवून तो तहान भागवतो. त्याच कातडीतून तो श्वासाचा काही भाग घेतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो आणि सोडियम, क्लोराइडसारखे क्षार आत ओढून रक्तातलं त्यांचं प्रमाण राखतो. ही कातडी एकाच वेळी त्याचं तोंड आहे, थोडं फुफ्फुस आहे आणि थोडं मूत्रपिंडही आहे.

हे एकदा नीट समजलं की पाळलेल्या बेडकाच्या बहुतेक दुखण्यांचा उलगडा होतो. पाण्यात जे आहे ते बेडकात जाणार, हवेत जे फवारलं ते बेडकात जाणार, आपल्या हाताला जे लागलंय तेही जाणार.

याचा सगळ्यात ठळक पुरावा एका बुरशीनं दिला. 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांत बेडूक झपाट्यानं नाहीसे होत होते आणि कारण सापडत नव्हतं. त्याच सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात पाळलेले विषारी डार्ट बेडूक दगावले. त्यांच्या कातडीत सापडलेल्या बुरशीचं 1999 मध्ये रीतसर वर्णन झालं आणि तिला बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबाटिडिस हे नाव मिळालं. नावाचा दुसरा शब्द त्या डार्ट बेडकांच्या कुळावरूनच आलाय. थोडक्यात कायट्रिड. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार या रोगानं उभयचरांच्या किमान 501 जाती घटल्या आणि त्यांतल्या 90 बहुधा कायमच्या गेल्या.

पण कातडीवर वाढणारी बुरशी बेडकाला मारते तरी कशी? ती आतड्यात किंवा मेंदूत शिरत नाही. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकांवर केलेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळालं. बुरशी लागलेल्या कातडीची क्षार आत ओढण्याची ताकद संपत जाते, रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम उतरतं आणि शेवटी हृदय थांबतं. संशोधकांनी मरणपंथाला लागलेल्या काही बेडकांना तोंडावाटे क्षारांचं द्रावण दिलं. ते वाचले नाहीत, पण उपचार न मिळालेल्या बेडकांपेक्षा 20 तासांहून जास्त जगले. वरवर दिसायला त्वचारोग, मरण मात्र हृदय बंद पडून.

म्हणून घरात नवा बेडूक आला की त्याला थेट जुन्यांच्या पेटीत सोडू नये. तो कितीही टवटवीत दिसो. काही जाती ही बुरशी अंगावर बाळगूनही ठणठणीत असतात. अमेरिकन बुलफ्रॉग आणि आफ्रिकन नखी बेडूक ही त्याची प्रसिद्ध उदाहरणं. किमान 30 दिवस, जमलं तर 60 ते 90 दिवस त्याला वेगळ्या खोलीत ठेवावं. त्याची जाळी, चिमटा, पाण्याचं भांडं सगळं वेगळं. रोजची देखभाल आधी जुन्या बेडकांची करायची आणि शेवटी नव्याची. त्या काळात विष्ठेची तपासणी करून घ्यावी. कातडीवर कापसाचा बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यातून कायट्रिडही ओळखता येतो. वेळेत कळलं तर पशुवैद्य इट्राकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या सौम्य द्रावणात बेडकाला रोज काही मिनिटं बसवून उपचार करतात आणि पुष्कळ बेडूक बरे होतात.

आता रोजच्या पाण्याकडे वळू. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतं. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. काही ठिकाणी मात्र क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात आणि ते असं उडून जात नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या सामानात मिळणारं, क्लोरामाइनवर चालेल असं लिहिलेलं द्रावण घालावं लागतं. आपल्याकडच्या पाण्यात नेमकं काय मिसळतात हे पाणीपुरवठा करणाऱ्यांनाच विचारलेलं बरं. या सगळ्याला कंटाळून काही जण डिस्टिल्ड पाणी वापरतात. फवारायला ते उत्तम, काचेवर डाग पडत नाहीत. बसण्याच्या भांड्यात मात्र नुसतं तेच ठेवू नये. त्यात क्षारच नसतात, त्यामुळे कातडीला आत ओढायला काही मिळत नाही, उलट अंगातले क्षार बाहेर झिरपत राहतात.

कायम पाण्यात राहणाऱ्या बेडकांची गोष्ट याहून नाजूक आहे. नखी बेडूक अंगातला नायट्रोजनयुक्त कचरा मुख्यतः अमोनियाच्या रूपात पाण्यातच सोडतो. टाकीतले जीवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. पण ही जीवाणूंची वसाहत जमायला काही आठवडे लागतात. नव्या टाकीत तोवर अमोनिया साचत राहतो, आणि पाणी दिसायला अगदी नितळ असतं! मला वाटतं, पाळलेले पाणबेडूक जितके उपासमारीनं मरत नाहीत तितके या नितळ पाण्यात मरतात. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचा साधा संच घरात असावा, दोन्ही शून्यावर असायला हवेत, आणि पाणी सगळं एकदम न बदलता थोडं थोडं बदलावं. फिल्टरचा झोतही मंद हवा. नखी बेडकाच्या अंगावर माशांसारखी पाण्याची हालचाल टिपणारी इंद्रियं असतात, त्याला सतत आदळणारा प्रवाह सोसत नाही.

पेटीतली हवा दमट हवी हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोंदट नको, हे पुष्कळ जण विसरतात. चारही बाजू बंद, तळाशी चिखल आणि काचेवर सतत धुकं, अशा पेटीत जीवाणू आणि बुरशा फोफावतात. वरच्या बाजूला जाळी असावी, फवारणीनंतर पानं काही तासांत कोरडी व्हावीत, तळाशी नारळाच्या काथ्याचा भुगा किंवा शेवाळ ओलसर राहावं आणि पेटीचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा थोडा उबदार असावा. बेडकाला अंगातून उष्णता निर्माण करता येत नाही, त्यामुळे कधी कुठे बसायचं हे त्याचं त्याला ठरवू द्यायचं. नखी बेडकाला 18 ते 22 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं, ऑस्ट्रेलियाचा हिरवा झाडबेडूक दिवसा 26-28 अंशांत खूश असतो, आणि डार्ट बेडूक 30 अंशांच्या वर गेलं की संकटात सापडतो. 'बेडकासाठी योग्य तापमान' असं काही नसतं, जातीसाठी असतं. त्याच कारणानं दोन वेगळ्या जाती एका पेटीत ठेवू नयेत. शिवाय एकीच्या कातडीतलं विष दुसरीला बाधतं आणि मोठा बेडूक तोंडात मावेल ते सगळं खाद्यच समजतो.

खाद्यातल्या चुका उशिरा दिसतात, म्हणून त्या जास्त घातक. पाळीव बेडकाला बहुधा रातकिडेच घालतात आणि तो आवडीनं खातो. पण रातकिड्यांच्या अंगात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी पट जास्त असतो. बेडकाला हे प्रमाण उलटं लागतं, फॉस्फरसच्या दीड ते दोनपट कॅल्शियम. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. काही महिन्यांत खालचा जबडा रबरासारखा मऊ होतो, पाठीचा कणा वाकतो, बेडूक उडी चुकतो, पायांची बोटं थरथरतात. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. टाळणं मात्र सोपं आहे. रातकिड्यांना आधी दिवस-दोन दिवस चांगला पाला आणि भाज्या खाऊ घालायच्या, मग कॅल्शियम आणि ड 3 जीवनसत्त्वाच्या बारीक पुडीत घोळवून लगेच बेडकापुढे सोडायचं. लगेच अशासाठी की रातकिडा स्वतःचं अंग साफ करतो आणि थोड्या वेळात पूड झाडून टाकतो. पुडीचा उघडलेला डबा सहाएक महिन्यांत बदलावा, कारण त्यातली जीवनसत्त्वं हवेनं आणि दमटपणानं मरतात. ड 3 चा अतिरेकही अपाय करतो, म्हणून डब्यावरचं प्रमाण पाळावं. अतिनील किरणं देणारा सौम्य यूव्हीबी दिवा आणि त्यापासून लपायला दाट पानं, अशी सोय केली तर बेडूक हवं तितकं ड जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकतो.

दुसरी कमतरता मला फार चटका लावते. वायोमिंग टोड हा अमेरिकेतला भेक जंगलात जवळजवळ संपला होता. 1987 मध्ये एका तळ्याकाठी त्याचे थोडे जीव सापडले आणि त्यांना पिंजऱ्यात वाढवून जात वाचवायचं ठरलं. पण त्या बंदिस्त भेकांमध्ये एक विचित्र प्रकार दिसू लागला. किडा समोर यायचा, भेक नेम धरून जीभ फेकायचा आणि किडा तसाच निघून जायचा. पाहणाऱ्यांना वाटलं जीभ आखूड झाली आहे, म्हणून आजाराला 'आखूड जिभेचा विकार' म्हणू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली खरं कारण कळलं: अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे जिभेवरच्या चिकट स्राव देणाऱ्या पेशींची जागा कोरड्या, चपट्या पेशींनी घेतली होती. जीभ किड्याला लागत होती, चिकटत नव्हती. समोर अन्न असून भेक उपाशी मरत होते. किड्यांच्या अंगात तयार अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, आणि बीटा-कॅरोटिनपासून ते बनवणं बऱ्याच बेडकांना नीट जमत नाही. त्यामुळे पुडीच्या डब्यावर 'रेटिनॉल' किंवा तयार अ जीवनसत्त्व लिहिलंय का, हे वाचूनच ती घ्यावी. तुमचा बेडूक वारंवार नेम चुकवत असेल तर तो म्हातारा झाला म्हणून सोडून देऊ नका.

उपासमारीच्या उलट टोकाला लाड असतात. पॅकमन बेडूक म्हणजे तोंडाला पाय फुटलेला प्राणी, त्याच्यापुढे काहीही धरा, गिळतो. उंदराची पिल्लं रोज गिळताना पाहायला माणसांना गंमत वाटते. त्यातून लठ्ठपणा येतो, यकृत बिघडतं. झाडबेडकांत तर चरबीयुक्त खाण्यानं डोळ्यांच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर कोलेस्टेरॉलचा पांढुरका थर साचून ते आंधळे होतात. प्रौढ बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरतं. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा, आणि न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत ठेवू नयेत, कारण ते झोपलेल्या बेडकाची कातडी कुरतडतात.

बेडकाला हातात घ्यायचा मोह होतो, मलाही होतो. पण आपल्या हातावर मीठ, तेल, साबण, क्रीम काय काय असतं. पेटी साफ करताना उचलावंच लागलं तर पूड नसलेले हातमोजे क्लोरीनमुक्त पाण्यात भिजवून घालावेत आणि काम आटोपतं घ्यावं. खोलीत डास मारण्याचा फवारा, सुगंधी फवारा, काच पुसायचं द्रावण यांपैकी काहीही पेटीजवळ नको. धोका उलट दिशेनंही आहे. अमेरिकेत 2008 ते 2011 या काळात पाळलेल्या आफ्रिकन बटू बेडकांमुळे पसरलेल्या साल्मोनेला या जीवाणूच्या साथीत 44 राज्यांतली 376 माणसं आजारी पडली, आणि त्यांत लहान मुलं फार होती. म्हणून टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतू नये, आणि नंतर हात साबणानं धुवावेत. तेच पाणी बाहेरच्या डबक्यात किंवा ओढ्यातही सोडू नये, आधी ब्लीच घालून निर्जंतुक करावं. नको झालेला बेडूक बाहेर सोडणं तर त्याहून वाईट. त्याच्यासोबत कोणता रोग रानात जाईल, हे आपल्याला कळणारही नाही.

आजारी बेडूक ओरडत नाही, विव्हळत नाही. रानात दुबळेपणा दाखवणारा आधी मरतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत लपवतो. म्हणून आठवड्यातून एकदा त्याला डब्यात बसवून ग्रॅममध्ये वजन करावं आणि वहीत लिहावं. डोळ्यांना दिसायच्या आधी वहीत घसरण दिसते. निशाचर बेडूक दिवसाढवळ्या उघड्यावर बसला, पाण्यातून हलेनासा झाला, उताणा पडल्यावर सरळ झाला नाही, मांड्या आणि पोट लालसर दिसू लागलं, तर थांबू नये. लाल मांड्यांचा तो जीवाणूंचा आजार बहुधा घाण पाणी आणि ताण यांतून येतो आणि काही दिवसांत जीव घेतो. बेडकी फुगली म्हणून बैल होत नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो. पाळलेला बेडूक मात्र पाण्यानं फुगला की समजावं, मूत्रपिंड, हृदय किंवा लसिका यांपैकी काहीतरी बिघडलंय. कात टाकून ती स्वतःच खाणारा बेडूक पाहून मात्र घाबरू नका. तोंड वेडंवाकडं करत तो जे ओढून गिळतो ती त्याची जुनी कातडी असते, आणि हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे.

घरातली माणसांची मलमं त्याला लावू नयेत. वेदनाशामक जेलमध्ये असणारं बेंझोकेन कातडीतून इतकं शोषलं जातं की पशुवैद्य तेच बेडकाला शांतपणे मरण देण्यासाठी वापरतात. उपचाराची वाटही कातडीचीच आहे. बेडकाला भूल द्यायची असेल तर औषधाच्या पाण्यात बसवतात, पुष्कळ प्रतिजैविकं पाठीवर थेंबानं सोडतात. पशुवैद्याकडे नेताना त्याला हवेची भोकं असलेल्या डब्यात, ओल्या कागदी रुमालावर ठेवा. वजनाची वही बरोबर घ्या, पेटीचे फोटो घ्या, आणि एका स्वच्छ बाटलीत त्याच्या टाकीतलं पाणीही न्या. अनुभवी डॉक्टर बऱ्याचदा बेडकाच्या आधी तेच तपासायला मागतात.